सीपीआर : शिकलेले हात का विसरतात?

हृदय अचानक बंद पडले, की चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्याकडे २०१४ पासून आहे. पण पूर्व भागातल्या एखाद्या बोळात ती तेवढ्यात पोहोचेलच, असे नाही. तोवर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देणारा कोणीतरी जवळ हवा. म्हणून सीपीआरची शिबिरे भरतात, ही आनंदाची गोष्ट. मात्र एक दिवस शिबिर, चहा-पोहे, प्रमाणपत्र आणि पुढे वर्षभर काही नाही, ही पद्धत मला पटत नाही. सराव नसेल तर हे कसब तीन ते सहा महिन्यांत बरेच उतरते. माहिती डोक्यात राहते, दाब मात्र उथळ पडतो.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. बिड्या वळणाऱ्या घरांतल्या मुली आईशेजारी बसून रोज थोड्या थोड्या वळतच शिकल्या. कारखान्यात माल दिला की तो तपासला जाई, खराब बिड्या छाट म्हणून बाजूला पडत. (बिडी ओढा, असे मी म्हणत नाही!) म्हणजे थोडा थोडा सराव आणि लगेच परीक्षा.

शास्त्रज्ञांनाही हेच आढळले. १९७८ साली इंग्लंडमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवले. रोज एकच तास शिकणारे, रोज चार तास बसणाऱ्यांपेक्षा कमी तासांत तयार झाले. गंमत अशी, की दिवस जास्त लागले म्हणून नाराज तेच होते! पुढे २००९ मध्ये डेन्मार्कच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुनरुज्जीवन वर्गात निम्म्यांना शेवटचा अर्धा तास जादा सराव दिला, निम्म्यांची परीक्षा घेतली. दोन आठवड्यांनी परीक्षावालेच सरस ठरले.

मी स्वतः इनहेलर वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला दर खेपेस "करून दाखवा" म्हणतो. "समजलं का?" विचारले तर सगळेच मान डोलावतात.

तेव्हा मंडळांनी चार तासांचे शिबिर एका दिवशी उरकण्याऐवजी चार रविवारी तासभर ठेवावे. शेवटी प्रत्येकाने, कोणी न सांगता, पुतळ्यावर दोन मिनिटे दाब देऊन दाखवावा. नंतर दर तीन महिन्यांनी दहा मिनिटे पुरतात. गड्ड्याच्या यात्रेतील स्वयंसेवकांची अशी उजळणी डिसेंबरातच व्हावी. जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर मात्र सराव कधीही करू नये.