कॅबिनेट उघडलं की वॉरंटी गेली?

प्रश्न : सेलूत माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, दाखले, प्रिंट, झेरॉक्स अशी कामं चालतात. तीन वर्षांची वॉरंटी आहे म्हणून नवा डेस्कटॉप घेतला. खरिपाच्या अर्जांच्या गर्दीत तो फारच रखडायला लागला, तेव्हा स्वतःच रॅम वाढवावी आणि आतली धूळ काढावी असं मनात आलं. पण साईड पॅनलच्या स्क्रूवर सील आहे : फाटलं तर वॉरंटी रद्द. दुकानदार म्हणतो, परभणीला घेऊन या, आम्हीच उघडू. तुम्ही हात लावला तर माझा संबंध संपला. मशीन माझं, बिल माझ्या नावाचं, मग झाकण उघडायची परवानगी दुसऱ्याची कशी? कायदा काय म्हणतो? आणि धुळीवर ब्लोअर मारला तर चालेल का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : तुम्ही विचारलेल्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. वॉरंटी जायला हवी का, आणि प्रत्यक्षात जाते का. पहिल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नुसतं कॅबिनेट उघडलं म्हणून वॉरंटी जाऊ नये. ज्याला ती नाकारायची आहे त्याने उघडण्यामुळे काय बिघडलं ते दाखवावं. दुसऱ्याचं उत्तर मात्र सील कुणी लावलंय आणि कशावर लावलंय, यावर ठरतं. बहुतेक जण हेच बघत नाहीत.

तर आधी बिल काढा. मशीन कंपनीचं आहे की दुकानदाराने जुळवून दिलेलं? असेम्बल केलेल्या मशीनला एकच एक वॉरंटी नसतेच. मदरबोर्डची त्याच्या कंपनीची, रॅमची रॅमवाल्याची, एसएसडीची तिसऱ्याची, एसएमपीएसची चौथ्याची, आणि मुदतीही निरनिराळ्या. प्रत्येक भागावर त्याचा सिरीयल नंबर असतो आणि कंपनी तो नंबर पाहते. तिला तुमचं कॅबिनेट कुठलं हेही ठाऊक नसतं. त्याच्या स्क्रूवरच्या कागदाशी तिचं काय देणंघेणं? दुकानाचं नाव आणि तारीख घातलेलं ते स्टिकर फार तर दुकानदाराने स्वतः कबूल केलेल्या फुकट सेवेपुरतं चालेल. रॅम बनवणाऱ्याचा शब्द रद्द करायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

कंपनीचा ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर सोबत आलेलं वॉरंटीचं पुस्तक वाचा. जे कुणी वाचत नाही, तेच. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या आपल्या बहुतेक डेस्कटॉपच्या मॅन्युअलमध्ये झाकण कसं काढायचं, रॅम कशी बसवायची हे चित्रांसह देतात. लेनोवो तर ग्राहकाने स्वतः बदलायच्या भागांची यादीच छापते. म्हणजे कंपनीची हरकत नसताना मधल्या विक्रेत्यानेच सील ठोकलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे. तुमचं सील कंपनीच्या नावाचं आहे का, आणि ती अट पुस्तकात आहे का, एवढं पाहिलंत तरी अर्धा वाद मिटेल.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत जादा कार्डं बसवण्यासाठी पाच स्लॉट होते आणि ती कशी बसवायची हे मालकासाठीच्या मॅन्युअलमध्येच सांगितलेलं होतं. पीसीची सगळी भरभराट या उघडत्या झाकणावर झाली. १९८४चा अ‍ॅपल मॅकिंटॉश मात्र चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे, खोल भोकात बसवलेले स्क्रू घेऊन आला. घरातला पेचकस तिथे पोचतच नसे. तुमचा वाद नवा नाही, तुम्ही फक्त त्यात सेलूहून सामील झालात.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेऊ, कारण सगळी सीलं बिनकामाची नसतात. एसएमपीएसच्या डब्यावरचं सील फोडू नका. २३० व्होल्टचा करंट तिथे आत येतो, त्याचे डीसीत सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट होतात आणि कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ साठून राहतात. तिथला धक्का जीवघेणा ठरू शकतो. तसंच जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं. तिच्यात वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. ती खास स्वच्छ खोलीतच उघडतात. या दोन सीलांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण या पंगतीत बसत नाही. त्याच्या आत मदरबोर्डवर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट खेळतात, आणि रॅमचे स्लॉट तर भर घालण्यासाठीच मोकळे ठेवलेले असतात.

दुकानदाराची भीतीही अगदी खोटी नाही. कुणी प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना वाकवून आणतो. कुणी चांगली रॅम काढून घेतो, जुनी घालतो आणि ‘बिघडली’ म्हणून बदलून मागतो. वस्तू परत आली की कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते आणि नुकसान त्याच्या गल्ल्यातून जातं. पण या सगळ्या लबाड्या सिरीयल नंबरवरून आणि वाकलेल्या पिनांवरून पकडता येतात. फाटलेल्या सीलवरून एवढंच कळतं की झाकण निघालं होतं. कुणी काढलं, कशासाठी काढलं, आत काय केलं, यातलं ते काहीच सांगत नाही.

कायद्याकडे येऊ. अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्याच्या आधारे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो, असूस यांच्यासह सहा कंपन्यांना इशारा दिला. जुलै २०२४मध्ये पुन्हा पत्रं गेली, त्यात गिगाबाईट, झोटॅक आणि एएसरॉक या संगणकाचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या ‘सील काढलं तर वॉरंटी रद्द’ या स्टिकरबद्दलच बजावलं होतं. आपल्याकडे वॉरंटीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून ‘हे सील बेकायदा आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजवर विसंबू नका.

पण हाती काहीच नाही असंही नाही. सगळ्यात कामाचा दाखला मोटारींच्या क्षेत्रातला आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा मुख्य आरोप. काही कंपन्यांचा दंड पुढे अपिलात घटला. आपल्या कामाचा भाग मात्र वॉरंटीबद्दलचा आहे. बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगाने बजावलं. निकाल मोटारींचा आहे, संगणकाला तो आपोआप लागू होत नाही. तरी त्यातलं तत्त्व मला इथे जसंच्या तसं योग्य वाटतं : तुम्ही रॅम घातली आणि महिन्याने कीबोर्डचं बटण तुटलं, तर त्या बटणाचा रॅमशी संबंध दाखवल्याशिवाय वॉरंटी नाकारू नये. रॅम उलटी दाबून स्लॉटच मोडलात, तर तो खर्च तुमचा.

२०२२च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. सुरुवातीला निवडलेली क्षेत्रं शेती अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही. परभणीसारख्या जिल्ह्यात शेती अवजारं यादीत आहेत हे बरंच झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपन्यांनी मॅन्युअल आणि वॉरंटीच्या अटी तिथे मांडाव्यात, एवढीच त्याची धाव.

मग भांडायचं कुठे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू आहे. वस्तूतला दोष, सेवेतली त्रुटी, दिशाभूल करणारी वॉरंटी, हे सगळं त्यात येतं. तुमचं केंद्र हा धंदा आहे, तेव्हा ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा मुद्दा समोरचा वकील हमखास काढील. घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी कारणासाठीची धरली जात नाही. वॉरंटीच्या पुस्तकात ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. तुमच्यासाठी ते परभणी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. बिघाड कशाने झाला हे नुसतं पाहून कळत नसेल तर आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि ‘सील फाटलं म्हणून बिघडलं’ हा दावा तिथेच उघडा पडतो. अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर मात्र जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. एका रॅमपायी तिथवर जाऊ नये हे मीही मान्य करतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बरीच प्रकरणं कंपनीला तिथून विचारणा झाली की सुटतात.

तुमच्या केंद्राबाबत मला आणखी एक गोष्ट खटकते, तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. त्या डिस्कमध्ये गावातल्या शेकडो लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकं, सातबारे असणार. मशीन दुरुस्तीला द्यायचं तर ती डिस्क काढून जवळ ठेवायला नको का? ती काढायला कॅबिनेट उघडावं लागतं. म्हणजे सील पाळायचं तर लोकांची कागदपत्रं अनोळखी टेबलावर सोडून यायची. हे एकच कारण मला कॅबिनेटच्या सीलविरुद्ध पुरेसं वाटतं.

आणि धूळ. काळ्या मातीची उन्हाळ्यातली भुकटी, त्यात मानवत-सेलूकडे जिनिंगचा हंगाम असला की हवेत तरंगणारा कापूस. हे पंख्याच्या पात्यांत आणि हीटसिंकच्या फटीत गच्च बसतं. मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जुलैत अर्ज भरताना मशीन रखडलं, त्यात रॅमइतकाच वाटा या बोळ्याचाही असू शकेल. अशा हवेत तीन वर्षं झाकण उघडू नका म्हणणाऱ्याने मशीन टिकावं म्हणून वॉरंटी दिली आहे की नाही, अशी शंका येते.

तेव्हा असं करा. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून विचारा : ‘रॅम वाढवण्यासाठी आणि सफाईसाठी कॅबिनेट उघडायचं आहे, कंपनीच्या कोणत्या अटीने हरकत आहे?’ तोंडी बोलू नका. हेच कंपनीच्या ग्राहक सेवेलाही पाठवा. उत्तर ‘हरकत नाही’ आलं तर जपून ठेवा. अट दाखवली तर निदान ती खरंच आहे हे तरी कळेल. ‘परभणीला आणा’ यावरच दोघं अडले, तर तिथेच तुमच्यासमोर उघडून रॅम बसवून घ्या आणि बिलावर रॅमचा सिरीयल नंबर लिहून घ्या. स्वतः उघडणार असाल तर आधी सीलचा, मग आतल्या प्रत्येक भागाच्या नंबरांचा फोटो घ्या. जुनी रॅम काढावी लागली तर फेकू नका. बिघाड झाला तर आधी तीच घालून पाहायची.

ब्लोअर चालेल, पण थंड हवेचा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, आणि मदरबोर्डजवळ घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. थंडीतल्या कोरड्या हवेत ती आपल्या अंगावरही साचते, म्हणून लोकरी स्वेटर काढून ठेवा. मेन स्विच बंद करून प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, आणि रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरायला विसरू नका. हवेच्या झोतात तो भलत्याच वेगाने फिरतो, त्यात त्याचं बेअरिंग जातं. एसएमपीएसला फक्त बाहेरच्या जाळीतून हवा मारा. आणि हे सगळं दुकानाबाहेर, ओट्यावर करा. नाहीतर तीच धूळ संध्याकाळपर्यंत झेरॉक्स मशीनमध्ये जाऊन बसेल.