भर उन्हातली वरात आणि व्हेरिएबल एनडी

प्रश्न : अकोल्यात लग्नांचे व्हिडिओ करतो. दुपारची वरात पांढरीफटक येते. स्वस्तातला व्हेरिएबल एनडी फिल्टर कोणता घ्यावा?

उत्तर : २ ते ५ स्टॉपचा घ्या. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात आयएसओ १०० आणि एफ/४ ला शटर १/१६००च्या आसपास जातं. ५ स्टॉप कापले की १/५० मिळतं, २५ फ्रेमला तेवढंच हवं. ‘२ ते ४००’वाल्या स्वस्त फिल्टरच्या नादी लागू नका. आत दोन पोलरायझर असतात. टोकापर्यंत फिरवले की वाइड लेन्सवर काळी फुली उमटते. दुकानातच पांढऱ्या भिंतीवर फिरवून बघा. भिंत पिवळट दिसली तर सरळ परत द्या. माप सर्वांत मोठ्या लेन्सचं, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग. चिखलदऱ्याच्या धबधब्यांच्या फोटोंना मात्र साधा, ठराविक स्टॉपचा एनडीच बरा.