ख्रिस्ती कॉलेजात इतिहास

प्रश्न : मुलगी बारावी झाली. लहानपणापासून जंजिरा पाहून इतिहासाचं वेड. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये जायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, तिथे बायबल शिकवतील, इतिहासही चर्चच्या नजरेतून. पाठवावं का?
— एक आई, मुरुड

उत्तर : ताई, नि:शंक पाठवा. कॉलेज 1869मध्ये जेझुइट पाद्र्यांनी काढलं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. राज्यघटनेच्या कलम 28(3)नुसार मान्यताप्राप्त संस्था कुणालाही संमतीविना धर्मशिक्षण किंवा प्रार्थनेला बसवू शकत नाही.

आता ‘चर्चच्या नजरेचं’. याच कॉलेजातल्या फादर हेन्री हेरास या स्पॅनिश पाद्र्यांनी 1926मध्ये इतिहास संशोधनसंस्था उभारली. ते रमले विजयनगरच्या राजघराण्यात आणि सिंधू लिपीत! त्यांच्या नावाची संस्था आजही तिथे आहे. नातेवाइकांना एवढं जरूर सांगा.

अडचण असलीच तर वेगळी आहे. काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, त्यामुळे खुल्या जागांसाठी चुरस असते. शिकवणं इंग्रजीतून, मराठी माध्यमातली असेल तर पहिले काही महिने जड जातील, मग सरावेल. राहण्याची सोय अर्ज भरतानाच बघा, मुरुडहून रोजचं जाणं-येणं जमणारं नाही. केवळ एका कॉलेजावर विसंबू नका. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सनही मिशनऱ्यांचंच, 1832पासूनचं. तिथेही अर्ज भरा.

आणि जंजिऱ्यावर पुढे काम करायचं असेल तर तिला आत्तापासून मोडी शिकायला लावा.