आर्देशच्या काठी: व्हॅलाँ-पाँ-दार्क पाहताना

व्हॅलाँ-पाँ-दार्क हे दक्षिण फ्रान्सच्या आर्देश जिल्ह्यातले, अडीच हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव. गावात एक जुना वाडावजा किल्ला आहे, त्यात आता नगरपालिका भरते आणि तिच्या दालनात ओब्यूसाँच्या विणकरांचे जुने भित्तिपट टांगलेले आहेत. गुरुवारी सकाळी बाजार भरतो. गावाची एवढीच मिळकत असती, तर तिकडे कोणी वाट वाकडी केली नसती. पण गावापासून पाच किलोमीटरवर आर्देश नदीने चुनखडकाचा डोंगर आरपार फोडून केलेली कमान आहे, कमानीखालून तीसेक किलोमीटर लांबीची घळई सुरू होते आणि कमानीसमोरच्या कड्यात शोव्हे ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या टीचभर गावात पाय ठेवायला जागा नसते ती यामुळे.

तिन्ही ठिकाणे नकाशावर एकमेकांना खेटून दिसतात आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. पॅरिसहून निसकडे जाताना वाटेत अर्धा दिवस काढायचा, कमानीपुढे फोटो घ्यायचा, गुहा बघायची आणि जमल्यास नाव चालवायची, असा बेत आखून येणारे यातले एकच काही तरी धड करतात. गुहेचे तिकीट ठरलेल्या वेळेचे असते आणि नावेची वेळ नदीच्या हातात असते. शिवाय गावाला रेल्वे स्थानक नाही. ऱ्होन खोऱ्यातल्या माँतेलिमारला उतरून पुढे बसने यावे लागते. दोन मुक्कामांची तयारी नसेल, तर यादीतल्या एका गोष्टीवर आधीच काट मारलेली बरी.

कमान सुमारे 54 मीटर उंच आहे आणि तिचा गाळा साठ मीटरांच्या आसपास रुंद आहे. पूर्वी नदी इथे डोंगराच्या सोंडेला मोठा वळसा घालून जात असे. सोंडेच्या अरुंद मानेत आधीच भेगा आणि पोकळ्या होत्या. पाणी त्यांतून वाट काढत राहिले आणि शेवटी अख्खा प्रवाह आरपार निघाला. अलीकडच्या संशोधनानुसार हे घडून सव्वा लाख वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. म्हणजे शोव्हेतले चित्रकार रोज हीच कमान पाहत असणार. नदीने सोडून दिलेला जुना वळसा आजही दिसतो. तिथे सपाट जमीन आहे, द्राक्षमळे आहेत, आणि बहुतेक पर्यटक त्याकडे पाठ करूनच फोटो काढतात. कमान समजून घ्यायची तर आधी या कोरड्या वळणात दहा मिनिटे उभे राहावे.

कमानीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला रेतीचे किनारे आहेत. उन्हाळ्यात वाहनतळ सकाळीच भरतो आणि मागाहून आलेल्या गाड्या अरुंद रस्त्यावर अडकून पडतात. त्यामुळे गाडी गावातच ठेवून, हंगामात कमानीपर्यंत चालणाऱ्या बसने जाणे सोयीचे. फोटोसाठी सकाळ चांगली, दुपारी तर किनाऱ्यावर सतरंजी टाकायलाही जागा उरत नाही. कमानीवर चढून पाण्यात उडी घेण्याचा मोह तरुणांना होतो. पाणी वरून खोल भासते आणि खाली खडक असतो, म्हणून या उडीला हात जोडलेलेच बरे.

खरे आकर्षण नावेचे आहे. वल्हवण्याच्या कॅनो आणि कयाक भाड्याने देणारी दुकाने गावात आणि नदीकाठी ओळीने आहेत. आठ, चोवीस आणि बत्तीस किलोमीटर असे तीन टप्पे ठरलेले आहेत. आठ किलोमीटरच्या टप्प्यात गावाजवळून निघून, कमानीखालून जाऊन शामपाशी उतरता येते आणि दोन-अडीच तासांत काम होते. बत्तीसच्या टप्प्यात सोझपर्यंतची संपूर्ण घळई येते आणि सगळा दिवस जातो. नदी आपोआप वाहून नेईल, असे समजून लांबचा टप्पा निवडणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये पाणी उतरलेले असते. लांबलचक डोहांत नाव तसूभरही आपण होऊन पुढे सरकत नाही, त्यात दुपारी समोरून वारा येतो आणि चार वाजता हात भरून आले, तरी पंधरा किलोमीटर बाकी असतात. घळईत मध्येच उतरून गाडी पकडण्याची सोय नाही, बहुतेक भागात मोबाईलला रेंजही नाही. शेवटी दुकानाची परतीची गाडी ठरल्या वेळी निघते. पहिल्यांदा जाणाऱ्याने आठचा टप्पाच घ्यावा, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत, कारण लांबच्या टप्प्याचे भाडे जास्त असते.

कमानीच्या थोडे अलीकडे शार्लमाञ नावाचा खळाळता उतार आहे. मोठ्या खडकाला वळसा घालून पाणी उजवा-डावा कौल न घेता एकदम खाली येते आणि नवख्यांच्या नावा बहुधा इथेच उलटतात. पुढच्याने वल्ह्याची लय सांभाळायची, मागच्याने दिशा. दोघांनी एकाच वेळी सुकाणू हाती घेतले की नाव आडवी होते, आणि आडवी नाव पालथी व्हायला वेळ लागत नाही. उतारात वल्हे थांबवणे ही दुसरी चूक. प्रवाहापेक्षा नाव थोडी तरी वेगात असली, तरच ती वळते. पाण्यात पडल्यास उभे राहायचा प्रयत्न करू नये, खडकांच्या फटीत पाय अडकतो. पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि पाणी संथ झाल्यावर काठ गाठावा. नाव आणि खडक यांच्या मध्ये कधीही येऊ नये. पाण्याने भरलेली नाव माणसाला चेपून टाकते.

लाइफ जॅकेट आणि पायात बंद बूट सक्तीचे आहेत. सात वर्षांखालच्या मुलांना घळईत नेता येत नाही आणि प्रत्येकाला पोहता आले पाहिजे, असा नियम आहे. दुकानात जो कागद सहीसाठी पुढे येतो, त्यात नेमके हेच लिहिलेले असते. फ्रेंच न वाचता त्यावर सही करणारी आपली मंडळी थोडी नाहीत. गटातल्या एकालाही पोहता येत नसेल, तर त्याने नावेत बसू नये. जॅकेट आहे ना, हा युक्तिवाद खळाळत्या पाण्यात चालत नाही.

सामानासाठी दुकानातून रुंद तोंडाचे प्लॅस्टिकचे पिंप मिळते. त्याच्या झाकणाच्या आत एक काळी रबरी चकती असते आणि पिंपाचा सगळा भरवसा त्या चकतीवर असतो. एका दुकानातून प्रस्तुत लेखकाला मिळालेल्या पिंपात ती नव्हतीच. पहिल्याच उतारानंतर आतल्या पासपोर्टची पाने एकमेकांना चिकटली आणि व्हिसाच्या शिक्क्याची शाई पसरली. झाकण उघडून चकती बोटाने चाचपावी, घट्ट फिरवून पिंप पाण्यात दाबून पाहावे, बुडबुडे आले तर दुसरे मागावे. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी मागावे. पासपोर्ट मात्र मुक्कामीच ठेवून त्याची प्रत जवळ बाळगणे उत्तम. पिंप नावेला दोरीने बांधावे, चष्म्याला मागून दोरी लावावी. जीन्स घालून नावेत बसू नये, भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर वाळत नाही. माणशी निदान दोन लिटर पाणी हवे, कारण कड्यांच्या मधोमध दुपारी हवा हलत नाही आणि सावली दूर असते.

घळईचा हा पट्टा 1980 पासून राष्ट्रीय राखीव निसर्गक्षेत्र आहे. कडे काही ठिकाणी तीनशे मीटरांपर्यंत जातात. त्यांच्या कपारींत मोरघार घरटे करते. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसते तीच ही जात, फ्रान्समध्ये मात्र ती फार थोडी उरली आहे. काठच्या झाडांवर बीव्हरने कुरतडल्याच्या खुणा दिसतात. मुक्काम करायचाच असेल, तर गो आणि गुर्निए या दोनच ठिकाणी, तेही आधी आरक्षण करून करता येतो. इतरत्र तंबू ठोकणे, चूल पेटवणे गुन्हा आहे. कचरा पिंपात भरून परत आणावा लागतो. एक गोष्ट माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत असते: घळईत ले तांप्लिए नावाचा निर्वस्त्र राहणाऱ्या पर्यटकांचा तळ आहे आणि नाव त्याच्या किनाऱ्यावरूनच जाते. सहकुटुंब जाणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी आणि तिथे कॅमेरा आवरावा.

नावेत बसायचे नसेल त्यांच्यासाठी कड्याच्या माथ्यावरून डी 290 हा रस्ता सँ-मार्तँ-दार्देशपर्यंत जातो. त्यावर अकरा सज्जे बांधलेले आहेत. सेर द तूर या सज्जावरून नदीचे पूर्ण नागमोडी वळण एका नजरेत येते. सगळे सज्जे पाहण्याचा अट्टहास नको, तीन-चार पुरे. रस्त्याच्या टोकाला, पलीकडच्या कड्यावर एगेझ हे जुने दगडी गाव आहे.

शोव्हे गुहेबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ती पाहता येत नाही. 18 डिसेंबर 1994 रोजी जाँ-मारी शोव्हे, एलिएत ब्रुनेल आणि क्रिस्तियाँ इलेर या तिघा गुहाशोधकांना ती सापडली आणि तेव्हापासून ती लोकांसाठी बंदच आहे. लास्को गुहेत प्रेक्षकांच्या श्वासाने चित्रांवर शेवाळ धरले आणि 1963 मध्ये ती बंद करावी लागली, तो धडा फ्रान्सने गिरवला. शोव्हेतली सर्वांत जुनी चित्रे सुमारे 36,000 वर्षांपूर्वीची आहेत. सिंह, गेंडे, मॅमथ, अस्वले अशी चारशेहून अधिक प्राण्यांची चित्रे तिथे आहेत. दरड कोसळून तोंड बंद झाल्यामुळे ती जशीच्या तशी टिकली. 2014 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

लोक पाहतात ती 25 एप्रिल 2015 रोजी खुली झालेली प्रतिकृती. ती कमानीपाशी नसून गावाच्या वर, पठारावर, काही किलोमीटर दूर आहे. कमानीजवळ उतरून गुहेचे दार शोधणारे दर हंगामात दिसतात. साडेआठ हजार चौरस मीटरच्या मूळ गुहेतले निवडक भाग तीन हजारांत बसवले आहेत. नक्कल बघायला एवढे पैसे कशाला, असे वाटणे साहजिक आहे, पण सिंहांच्या शिकारीच्या भिंतीसमोर हा प्रश्न गळून पडतो: खडकाचा फुगवटा प्राण्याच्या खांद्यासाठी कसा वापरला, हे छायाचित्रात कळत नाही. वाटाड्यासोबतच फिरावे लागते आणि फोटोला बंदी आहे. इंग्रजी फेऱ्या मोजक्या असल्याने वेळ आधी राखून ठेवावी.

खरी गुहा पाहायची असेल, तर ऑर्न्याकला जावे. 1935 मध्ये रोबेर द झोलीने शोधलेल्या या विवरात सातशेच्या आसपास पायऱ्या उतराव्या लागतात, वर यायला लिफ्ट आहे. आत वर्षभर अकरा अंश तापमान असते. बाहेरच्या पस्तीस अंशांतून अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आत गेलेले लोक कुडकुडत बाहेर येतात.

खाण्याचे दोन शब्दांत: पिकोदों हे शेळीच्या दुधाचे चीज आणि चेस्टनटचा गोड मुरंबा इथली खासियत. कायेत हा पदार्थ पालेभाजीच्या गोळ्यासारखा दिसतो, पण त्यात डुकराचे मांस असते. दुपारी दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात.

राहिला हंगाम. सेव्हेन पर्वतावर शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडून येणारे ढग अडकतात आणि काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. व्हॅलाँमध्ये निरभ्र आकाश असताना वरून लोंढा येऊ शकतो. 22 सप्टेंबर 1890 च्या पुरात कमानीखाली पाणी वीस मीटरांहून अधिक चढले होते. म्हणून नदीची पातळी ठरावीक खुणेच्या वर गेली की प्रशासन नावा बंद करते आणि त्या दिवशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. भर उन्हाळ्यात पाणी कमी आणि माणसे जास्त, हिवाळ्यात दुकाने बंद. पाणी गार लागले तरी चालणार असेल, तर मे अखेर ते जूनचा मध्य हा काळ निवडावा: नदीला ओढ असते, वाहनतळावर जागा मिळते आणि गुहेचे तिकीट आठवडाभर आधी काढले तरी पुरते.