बारा वर्षे निजलेली डॅटसन

प्रश्न : कॅलिफोर्नियातील आमच्या गॅरेजात १९७८ची डॅटसन २८०झेड बारा वर्षे उभी आहे. ती सुरू करून धूरतपासणीत उत्तीर्ण कशी करावी?

उत्तर : तूर्त किल्ली फिरवण्याचा मोह आवरावा. टाकीतील पेट्रोलास एव्हाना व्हार्निशाचा आंबूस दर्प येत असेल, सबब ते उपसून, टाकी धुऊन, रबरी नळ्या व फिल्टर बदलून, प्लगांच्या छिद्रांत किंचित तेल सोडून इंजिन प्रथम हातानेच फिरवावे; इंजेक्टर मात्र जाणकाराकडून स्वच्छ करवून घ्यावेत. १९७५पर्यंतच्या मोटारींना तपासणी माफ आहे. आपली तीन वर्षांनी हुकली! म्हणून मूळची प्रदूषण-नियंत्रक उपकरणे जागेवर असावीत, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलल्यास तो राज्याच्या हवा-मंडळाने मंजूर केलेलाच घ्यावा. मोटार वीस मिनिटे पळवून, पुरती तापवूनच तपासनिसापुढे उभी करावी, कारण थंड कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड जाळीत नाही.