लिथियम आणि नत्रवायू : एका बाटलीची हकीकत



काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो, तेथील प्रयोगशाळेत लिथियमची एक बाटली होती. सोडियम रॉकेलात बुडवून ठेवतात, म्हणून लिथियमही तसेच ठेवलेले होते. पण रॉकेलची घनता सुमारे ०.८, तर लिथियमची अवघी ०.५३. साहजिकच लिथियमचे तुकडे वर तरंगत होते आणि त्यांच्या उघड्या अंगावर काळपट थर चढला होता.

"हा प्राणवायूचा परिणाम," असे मी वर्गाला सांगितले. निपाणीहून येणारा, कन्नड माध्यमात शिकलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हवेत नत्र जवळजवळ चार-पंचमांश आहे. तो काहीच करीत नसेल का?" मी ठासून सांगितले की, नत्र निष्क्रिय आहे. तो हळूच म्हणाला, "आमच्या कन्नड पुस्तकात त्याला सारजनक म्हणतात, सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या थराचा एक लहानसा कण खरवडून परीक्षानळीत घेतला, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि ओला तांबडा लिटमस नळीच्या तोंडाशी, कडेला न टेकवता धरला. लिटमस निळा झाला. अमोनियाचा वासही आला. विद्यार्थ्याची शंका रास्त होती आणि माझे उत्तर अपुरे होते.

याचे कारण पाहू. नत्राच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि तो बंध तोडण्यास दर मोलला सुमारे ९४५ किलोजूल ऊर्जा लागते. म्हणून एरवी नत्र आळशी दिसतो. पण लिथियमचा आयन अतिशय लहान असल्याने तो तीन ऋणभार असलेल्या नत्राच्या आयनाला घट्ट बिलगतो. या स्फटिकाची जालक ऊर्जा इतकी मोठी असते की, बंध तोडण्याचा खर्च भरून निघतो. तीन अणू लिथियम व एक अणू नत्र मिळून लिथियम नायट्राइड बनते. हवेत किंचित ओलावा असला, तर ही क्रिया साध्या तापमानालाही चालते. अल्क धातूंपैकी असे वागणारे लिथियम एकटेच आहे. सोडियमचे आयन मोठे असल्याने त्याचे नायट्राइड फार अस्थिर असते. ते खात्रीने तयार झाले ते २००२ साली, आणि तेही अतिशीत पृष्ठभागावर अणूंचे थर बसवून.

या बाबतीत लिथियमचे साम्य शेजारच्या सोडियमशी नसून तिरप्या घरातील मॅग्नेशियमशी आहे. मॅग्नेशियमही नत्रात जळून नायट्राइड देते. नायट्रेटचेही तसेच. सोडियम नायट्रेट तापवले असता नायट्राइट व प्राणवायू मिळतो. लिथियम नायट्रेट मात्र ऑक्साइड, प्राणवायू आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर देते. परीक्षेत हा फरक वारंवार विचारतात. पाठ करण्याऐवजी आयनाच्या आकारावरून तो समजून घ्यावा.

आता सारजनक या नावाकडे वळू. लाव्हाझिएने या वायूला 'निर्जीव' अशा अर्थाचे नाव दिले होते. कन्नड नाव मात्र त्याला सार देणारा म्हणते. आपल्या भागातील शेतकरी युरियासाठी रांगेत उभा राहतो तो याच नत्रासाठी. युरियाला लागणारा अमोनिया हाबर-बॉश पद्धतीने ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान व प्रचंड दाब वापरून बनवतात. लिथियम नायट्राइडवर पाणी टाकले की तोच अमोनिया साध्या तापमानाला मिळतो. सुमारे २१ ग्रॅम लिथियम १४ ग्रॅम नत्र बांधते आणि त्यापासून १७ ग्रॅम अमोनिया निघतो. विजेच्या साहाय्याने लिथियम परत मिळवून हे चक्र फिरवण्याचा प्रयत्न फिख्टर यांनी १९३० साली केला होता आणि आज त्यावर पुन्हा जोमाने संशोधन चालू आहे. अडचण आहे ती विजेच्या खर्चाची. शिवाय लिथियमही मुबलक नाही : आपल्या राज्यात मंड्या जिल्ह्यातील मार्लगल्ला येथे २०२१ साली जाहीर झालेला अनुमानित साठा १,६०० टनांचा आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नत्र निष्क्रिय आहे या समजुतीने त्या बाटलीत नत्र भरून ठेवण्याचा विचार माझ्या मनात आला होता. तसे केले असते, तर थर वाढतच गेला असता. लिथियम पॅराफिन मेणात गुंडाळून किंवा आर्गॉन वायूत ठेवावे. त्याला आग लागली, तर पाणी, कार्बन डायऑक्साइड किंवा नत्र यांपैकी काहीही वापरू नये. ग्रॅफाइटची कोरडी पूड टाकावी.

'निष्क्रिय' हा शब्द फळ्यावर लिहिताना आता मी पुढे विचारतो : कोणाशी, आणि कोणत्या परिस्थितीत? हा प्रश्न मला त्या विद्यार्थ्याने शिकवला.