मुलं मैदान का सोडतात?

नागपुरात भर पावसात काही वस्तीतली मुलं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना विजय बारसे सरांना दिसली. त्यातूनच २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. त्या मुलांकडे बूट नव्हते, चेंडूही नव्हता. पण खेळाची गोडी होती. ती मुलाकडे असतेच. आपल्या हातात एवढंच असतं, ती टिकवायची की विझवायची.

वस्तीत काम करताना आम्ही घोटा सुजलेली मुलं पाहतो. दोन-दोन दिवस दुखणं लपवलेलं असतं. का, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘सर टीममधून काढतील’ किंवा ‘बाबा रागावतील.’ भीतीपोटी खेळणारं मूल आधी दुखणं लपवतं, मग एक दिवस खेळच सोडतं.

प्रशिक्षक : चूक झाली की चारचौघांत अपमान करू नका, काय सुधारायचं ते सांगा, मेहनतीला शाबासकी द्या. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल संघांवरचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. असं वागायचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांकडची फक्त ५ टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळ सोडून गेली. इतरांकडची २६ टक्के. संघांच्या हार-जितीत मात्र फरक नव्हता. म्हणजे ओरडण्याने सामने जिंकले जात नाहीत, मुलं तेवढी जातात.

आई-बाबा : ‘किती गोल मारले?’ याआधी ‘मजा आली का? कुठे लागलं का?’ हे विचारा. शेजारच्या मुलाशी तुलना नको. मुलीला पाळी आली म्हणून तिचं मैदान बंद करू नका; त्रास होत नसेल तर पाळीत खेळायला हरकत नाही.

सोबती : पास चुकला म्हणून, फाटक्या बुटांवरून किंवा जातीवरून चिडवणारी टीम मुलाला घरी बसवते. ‘चल, पुढचा बघू’ म्हणणारी टीम त्याला उभं करते. चिडवणं दिसलं की मोठ्यांनी तिथेच थांबवावं.

घोटा सुजला तर खेळ थांबवा, बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, पाय उंच ठेवा. पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील तर लगेच दवाखान्यात न्या.

पण दुखतंय हे मुलाने सांगितलं, तरच हे सगळं करता येईल. आणि रागावणार नाही अशी खात्री असेल, तरच ते सांगेल.